बिनजिभेचं गवत

(गणेशोत्सवातील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



येताना मंडपाबाहेर दूर्वांची एक जुडी घेतली. मोजून एकवीस. गणपतीला वाहण्याआधी त्यातल्या एकीचा मी अपराध करणार आहे. हे पातं काडीला सोडून बाहेर वळतं ना, तिथे नखानं ते जरा मागे ओढायचं. आतल्या अंगाला पांढऱ्या केसांची बारीक झालर आहे. तुम्हाला तिथून दिसणार नाही, मलाही चष्मा वर करून बघावी लागते. वर्षातले दहा दिवस आपल्या घराघरांत हे गवत निवडलं जातं, तीन-तीन पात्यांच्या काड्या वेचल्या जातात, आणि तरीही ही झालर पाहिलेला माणूस मला फार क्वचित भेटला आहे. आजचा तास त्या सांध्यावरच घालवायचा आहे.

उद्या एकादशी. तुमच्यापैकी बऱ्याच घरांत उद्या भगर शिजेल. ती कोणत्या गवताची, असं विचारलं तर उत्तरं येतील: वरीची, वरईची, साव्याची. विदर्भातलं कोणी असेल तर बर्टी हे नाव घेईल. दुकानातल्या पुडीवर यातलं एखादं छापलेलं असतं, कधी दोन असतात. भरडधान्यांचे छापील तक्ते मी चाळले आहेत. एका तक्त्यात 'वरी' ज्या पिकापुढे आहे, दुसऱ्यात ती भलत्याच पिकापुढे आहे. तक्ते करणाऱ्यांचा यात दोष नाही. गावानं धान्याला नाव दिलं ते गावापुरतं, डोंगर ओलांडला की तेच नाव दुसऱ्या दाण्यावर जाऊन बसतं. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, ही धान्यं चकचकीत पुड्यांतून शहरात आली, आणि नावांचा गोंधळ आणखी वाढला.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांकडे मी बी.एस्सी.ला होतो. नमुना संग्रहासाठी प्रत्येकानं पंचवीस गवतं वाळवून, कागदावर चिकटवून आणायची होती. मी एका शेताच्या बांधावरून एक कणीस उचललं. शेजारच्या दुकानदाराला विचारलं, तो म्हणाला वरी. मी पुस्तकात वरीसमोरचं लॅटिन नाव पाहिलं आणि सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लावली: पॅनिकम. सरांनी तो कागद परत दिला तेव्हा त्यावर लाल शाईची एक रेघही नव्हती. सोबत त्यांचं दहापट मोठं दाखवणारं भिंग ठेवलेलं होतं. दोन दिवस मी दाणे बघत बसलो. तिसऱ्या दिवशी पानाचा सांधा बघितला आणि चूक सापडली. ते भिंग अजून माझ्याकडेच आहे.

तर सांधा. गवताच्या पानाचे दोन भाग असतात. वरचं पातं आपण पाहतो. खालचा भाग म्यानासारखा काडीभोवती गुंडाळलेला असतो. पातं आणि म्यान जिथे मिळतात, तिथे आतून एक छोटा पडदा उभा असतो. त्याला जिव्हिका म्हणतात, मी जिभली म्हणतो. कुठे ती पातळ पापुद्र्यासारखी असते, कुठे नुसते केस असतात, दूर्वेसारखे. काहींत पापुद्रा आणि त्याच्या कडेला केस असं दोन्ही असतं. जगात गवतांच्या अकरा हजारांहून जास्त जाती आहेत. फुलोरा आलेला नसताना त्यातल्या कशाशी आपली गाठ पडली आहे हे सांगायला या जिभलीइतकं भरवशाचं दुसरं थोडंच काही आहे. आधी हे मात्र बघून घ्या की ते गवतच आहे. काडी बोटांत फिरवून बघायची. तिला तीन धारा लागल्या तर तो लव्हाळा, त्याचं कुळच निराळं. गवताची काडी गोल किंवा चपटी असते आणि तिला पेरं असतात.

भाताची जिभली ऐटबाज असते. लांब, टोकदार, आणि टोकाला दुभंगलेली. जोडीला दोन बाजूंना केसाळ आकडे असतात, कानाच्या पाळ्यांसारखे, म्यानाला मिठी मारून बसलेले. जीभ आणि कान दोन्ही असलेलं गवत. आता भाताच्या खाचरातच, त्याच्या शेजारी, त्याच उंचीचं, त्याच हिरव्या रंगाचं दुसरं एक रोप उपटा आणि त्याचा सांधा उघडा. तिथे काहीच नसतं. पडदा नाही, केस नाहीत, पाळ्या नाहीत. म्यानाचा गुळगुळीत शेवट आणि पात्याची सुरुवात, बस. हा सावा. शास्त्रीय नाव एकायनोक्लोआ. या प्रजातीतल्या थोड्या जातींना केसांची रेघ असते, पण आपल्या खाचरातल्या आणि आपल्या ताटातल्या साव्याला जीभ नाही.

हे मी पुस्तकात वाचण्याआधी शिकलो असतो तर बरं झालं असतं. रोह्याजवळच्या गावात काकूबरोबर एकदा बेणणीला उतरलो होतो. दहा मिनिटांत तिनं माझा हात धरला. "अरं, भात उपटतोयस की! गवात ठेवलंस न् भात काढलंस." दोन्ही रोपं तिनं माझ्यापुढे धरली. मला फरक दिसेना. तिला विचारलं, कशावरून ओळखतेस? ती म्हणाली, "दिसतं की." तिला खरंच दिसत होतं. पण ती सांध्याकडे बघत नव्हती, एवढं मला आठवतं. ती बुडख्याकडे बघायची. साव्याचा बुडखा बहुतेकदा जांभळट आणि जरा चपटा असतो, भाताचा गोलसर. पाण्यात हात घालून चिमटीत बुडखा धरला की तिचा निर्णय झालेला असायचा. मी तिला सांधा उघडून जिभली दाखवली, पुढच्या वर्षी, शहाणा होऊन आल्यावर. तिनं कौतुकानं बघितलं आणि म्हणाली, एवढं उघडत बसले तर दिवाळीपर्यंत बेणणीच चालंल.

काकूसारख्या हातांनी पिढ्यान्‌पिढ्या एक गोष्ट नकळत केली आहे. खाचरातून आपण काय उपटतो? जे भातासारखं दिसत नाही ते. पसरट वाढणारा सावा पटकन नजरेत भरतो आणि बांधावर जातो. भातासारखा ताठ, जवळजवळ फुटव्यांचा सावा नजरेतून सुटतो, फुलतो, बी टाकतो. पुढच्या वर्षी त्याची पोरं उगवतात. असं शेकडो वर्षं झालं की तण पिकाचं सोंग घेऊ लागतं. या प्रकाराला निकोलाय वाविलोव या रशियन शास्त्रज्ञाचं नाव मिळालं आहे, कारण राय हे धान्य गव्हाच्या शेतातल्या तणातून पीक झालं असं त्यानं मांडलं होतं. पिकांची उत्पत्ती शोधत जग फिरलेला हा माणूस 1943 मध्ये सारातोवच्या तुरुंगात वारला. साव्याच्या सोंगाबद्दल स्पेन्सर बॅरेट यांनी 1983 मध्ये सविस्तर लिहिलं. 2019 मध्ये चिनी संशोधकांनी यांगत्से खोऱ्यातल्या साव्याच्या शेकडो नमुन्यांची जनुकं तपासली. त्यात सोंग घेणारे आणि न घेणारे असे गट वेगळे पडले. फुटवे ताठ ठेवणाऱ्या जनुकांवर निवडीच्या खुणा सापडल्या, आणि हे सोंग साधारण हजार वर्षांपूर्वी सुरू झालं असावं असा हिशेब निघाला. म्हणजे बेणणाऱ्या बायकांनी हजार वर्षं एक गवत घडवलं, ते नको असताना. जिभलीपर्यंत मात्र ही निवड पोचली नाही, कारण खाचरात उभं राहून कोणी जिभली बघत नाही. सोंगाड्यानं सगळं घेतलं, जीभ तेवढी घ्यायची राहिली.

आणि त्याच घराण्यातली एक शाखा आपण उपासाला खातो! लागवडीचा भारतीय सावा म्हणजे एकायनोक्लोआ फ्रुमेंटेशिया. त्याचा रानटी पूर्वज एकायनोक्लोआ कोलोना हा आपल्या शेतांत, गटारांच्या कडेला, अगदी या मैदानाच्या कुंपणाशी उगवतो. जपानमध्ये सावा वेगळ्या पूर्वजापासून पीक झाला, खाचरातल्या एकायनोक्लोआ क्रस-गॅलीपासून. या लॅटिन शब्दांचा अर्थ कोंबड्याची तंगडी, आणि फुलोरा बघितलात तर नाव ठेवणारा विनोदी होता हे पटेल. जपानचा आणि भारताचा सावा दिसायला सख्खे भाऊ. दोघांची गुणसूत्रं 54. पण इथे नाव घ्यावं लागतं ते याबुनो या संशोधकांचं. त्यांनी 1960 च्या दशकात दोघांचा संकर केला तेव्हा संततीला बी धरलं नाही. एकच धान्य, दोन देशांत दोनदा, वेगवेगळ्या तणांतून निघालेलं. फुलोऱ्यात फरक आहे: आपल्या साव्याची कणिशकं फिकट, जवळपास पांढुरकी हिरवी आणि बिनकुसळाची, जपानी साव्याची तपकिरी-जांभळ्या छटेची.

कणिशक हा शब्द आला, तर तिथे थोडं थांबतो. आपल्या भाषेनं धान्यांचे फुलोरे फार बारकाईनं पाहिले आहेत. गव्हाची ओंबी, भाताची लोंबी, ज्वारी-बाजरीचं कणीस. लोंबी लोंबते म्हणून लोंबी, हे पोरालाही कळतं. पण वनस्पतिशास्त्रज्ञ ओंबी आणि लोंबी यांच्या आत शिरतो आणि सर्वांत लहान घर शोधतो. दोन तुसांच्या आत बसलेलं एक किंवा अनेक फुलांचं ते घर म्हणजे कणिशक. गवताची ओळख खरी पटते ती इथे.

मी विद्यार्थी असताना यासाठी जे पुस्तक उघडायचो ते ब्लॅटर आणि मॅक्कॅन यांचं 'द बॉम्बे ग्रासेस', 1935 चं. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकवणारे स्विस जेझुइट एथलबर्ट ब्लॅटर त्याच्या आदल्याच वर्षी वारले होते. त्यांच्याही आधी गोव्याच्या डॉ. लिस्बोआ यांनी मुंबई इलाख्यातल्या गवतांची आणि त्यांच्या उपयोगांची यादी करून ठेवली होती. आपल्या गवतांवर इतकं काम झालेलं असताना पुडीवरचं नाव मात्र दुकानदार ठरवतो, हे मला अजून पचलेलं नाही.

आता उद्याच्या ताटातले उमेदवार बघू. वरी, म्हणजे मी जिला वरी म्हणतो ती पॅनिकम सुमात्रेन्से. तिचा फुलोरा मोकळा पिसारा असतो. बारीक फांद्या, त्यांच्या टोकांना एकेकटे किंवा जोडीनं लटकलेले दाणे, वारा आला की सगळं हलतं. साव्याच्या फुलोऱ्याला हे जमत नाही. त्याच्या फांद्या जाड, बोटांसारख्या, आणि दाणे एका अंगाला दाटीनं बसलेले. वरीच्या सांध्यात केसाळ जिभली असते, साव्याच्या सांध्यात नसते. माझी विद्यार्थिदशेतली चूक इथेच होती. दुकानदाराच्या वरीला जीभ नव्हती.

तिसरी एक आहे, जिलाही काही तक्ते वरी म्हणतात: पॅनिकम मिलिआसियम, उत्तर चीनमध्ये पीक झालेली. तिची पानं आणि म्यानं हाताला केसाळ लागतात, फुलोरा एका बाजूला झुकतो, आणि दाणा आपल्या वरीपेक्षा ठळक मोठा, साधारण तीन मिलिमीटरचा असतो. राळ्याचं कणीस कोल्ह्याच्या शेपटीसारखं. प्रत्येक कणिशकाच्या बुडाशी राठ केस असतात. ते कुसळ नव्हे. कुसळ तुसाच्या टोकाला किंवा पाठीवर येतं, हे केस म्हणजे कणिशक न धरलेल्या वांझ फांद्या. दाणा झडला तरी त्या कणसावर तशाच राहतात. राळ्याचं टरफल भिंगाखाली खडबडीत दिसतं. वरीचं आणि साव्याचं टरफल गुळगुळीत, चकचकीत.

हरिक, ज्याला देशावर कोद्रा म्हणतात, त्याची ओळख सर्वांत सोपी. चपट्या फांदीच्या एकाच बाजूला, ओळीनं, एका अंगाला सपाट आणि दुसऱ्या अंगाला फुगीर गोल कणिशकं. खालचं तूस मुळातच नाही. आत दाणा शिंगासारख्या टणक तपकिरी कवचात बंद. तो कांडायला किती कठीण, ते ज्यांनी मुसळ धरलं आहे त्यांना विचारा. हरिक ओळखता आला म्हणजे तो निर्धोक आहे हे मात्र कळत नाही. त्यावर कधीकधी बुरशी येते आणि तिच्यातलं सायक्लोपियाझोनिक आम्ल विषारी असतं. ऑक्टोबर 2024 मध्ये मध्य प्रदेशातल्या बांधवगडला दहा हत्ती मेले. त्यांच्या पोटात बुरशी लागलेला कोद्रा आणि हे आम्ल सापडलं. ते बघायला माझं भिंग पुरत नाही.

नाचणीला कोणी चुकत नाही, कारण तिची बोटं आत वळलेली असतात. पण हातातल्या दूर्वेचा फुलोराही बोटांसारखाच असतो, हे कोणाच्या लक्षात येतं? दोघी एकाच उपकुळातल्या. गणपतीला आपण नाचणीची चुलत बहीण वाहतो. नाचणीची आणखी एक गंमत आहे. गवताच्या दाण्यात फळाची साल आणि बियेची साल एकमेकींना घट्ट चिकटलेली असतात, म्हणून गव्हाचा दाणा हे खरं तर अख्खं फळ. नाचणीत ही साल सैल असते, चोळली की सुटते.

इथे थोडं विषयांतर करतो. उपासाला धान्य चालत नाही म्हणतात. राजगिरा हे गवत नाही, ती माठाची बहीण. साबुदाणा कंदाचा, शिंगाडा पाण्यातल्या वेलीचा. ताटातलं एकच अस्सल तृणधान्य म्हणजे भगर, गहू-तांदळाच्याच कुळातली. वनस्पतिशास्त्र एकादशी पाळत नाही, एवढंच म्हणतो आणि पुढे जातो. माझ्या घरीही उद्या भगरच आहे.

आता अवघड प्रश्न. जात ओळखली. पण हे रोप पेरलेलं की आपणहून उगवलेलं? सावा आणि त्याचा रानटी बाप यांचे सांधे सारखेच जीभ नसलेले. इथे सांधा मुका. मग दुसरा सांधा बघायचा, दाणा जिथे काडीला जोडलेला असतो तो. रानटी गवताचा दाणा पिकला की त्या जोडाशी आपोआप सुटतो, मातीत पडतो, त्यातच त्याचं भलं. माणसाला दाणा कणसावर राहायला हवा, म्हणजे कापून घरी नेता येतो. परवाची ऋषिपंचमी आठवा. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणून कोकणात देवभात शोधतात. देवभात म्हणजे रानभात, तळ्याकाठी, डबक्यांत आपणहून येणारा. लांब कुसळं, आणि दाणा पिकता पिकताच गळणारा. गोळा करणारा जरा उशिरा पोचला की दाणे पाण्यात. म्हणून तो महाग. लागवडीच्या भाताच्या लोंबीत न गळण्याचा हा गुण कुठून आला, त्याचं एक जनुक 2006 मध्ये सापडलं. त्यात एका अमिनो आम्लाचा बदल आहे. एवढ्याशा बदलाला आपण शेती म्हणतो, असं म्हणण्याचा मोह होतो, पण गळणं थांबवणारी इतरही जनुकं आहेत, तेव्हा तो आवरतो.

पुरातत्त्ववाले याच जोडावर भिस्त ठेवतात. हजारो वर्षांपूर्वी जळालेल्या भाताच्या तुसाच्या बुडाशी गुळगुळीत वण असेल तर दाणा आपणहून गळलेला. खरबरीत, फाटल्यासारखा वण असेल तर झोडपून काढलेला. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजनं केलेल्या उत्खननात मुख्य पीक जव असल्याचं दिसलं, ते अशा जळक्या दाण्यांवरूनच. बारीक भरडधान्यांचं काम मात्र फार निसरडं आहे. सौराष्ट्रातल्या रोजडीला नाचणीचे म्हणून नोंदवलेले जुने दाणे खरंच नाचणीचे का, यावर डोरियन फुलर यांनी शंका घेतली. जळताना तूस जातं, दाणा फुगतो, उरतो तो कोंबाचा खळगा. पॅनिकममध्ये तो दाण्याच्या साधारण निम्म्यापर्यंत येतो, राळ्यात आणि साव्यात त्याहून पुढे. चार हजार वर्षांपूर्वी कोणी काय खाल्लं याचा वाद या अर्ध्या मिलिमीटरवर चालतो.

गिरणीवाल्यानं तर तेवढाही पुरावा ठेवलेला नसतो. पांढरीशुभ्र भगर करताना तूस जातं, कोंडा जातो, घासण्यात कोंबही जातो. अशा दाण्यावरून जात सांगा म्हणून मला लोक पुड्या आणून देतात. मी आकार मोजतो, एखाद्या दाण्यावर कोंबाचा खळगा शिल्लक आहे का बघतो, आणि बहुतेकदा पुडी परत करतो. पेरूनही उपयोग नाही, कोंब गेलेला दाणा उगवत नाही. म्हणून माझी विनंती असते की न कांडलेले, तुसासकट दाणे आणा. मूठभर पुरतात. जूनमध्ये कुंडीत टाकायचे, ऑगस्टपर्यंत सांधा बोलू लागतो, सप्टेंबरात फुलोरा.

यंदा मी तेच केलं आहे. मंडपाच्या मागच्या टेबलावर सहा कुंड्या ठेवल्या आहेत. त्यांतल्या चार लोकांनी आणून दिलेल्या दाण्यांच्या आहेत, एक कुंपणाजवळून उपटून लावलेली आणि एक काकूच्या खाचरातून आणलेली. तिची सून आता बेणणी करते, हे रोप तिनंच काढून दिलं. कुंड्यांवर चिठ्ठ्या नाहीत. सरांच्या वर्गात नमुन्यावरची चिठ्ठी कागदानं झाकलेली असायची, आज ती लावलेलीच नाही. फुलोरा चार कुंड्यांना आला आहे, दोन अजून नुसत्या पानांवर आहेत, तेव्हा त्या दोघींपाशी सांधा उघडूनच बघावं लागेल. पानं फाडलीत तरी चालेल. भिंगं तीन आहेत. चौथं सरांचं आहे, त्याची काच जरा सैल झाली आहे, ते मी धरून ठेवतो, तुम्ही बघा.